बिल्डरूटमध्ये पहिली लायब्ररी: पॅकेज लिहिण्यापासून पॅच स्वीकारला जाईपर्यंत

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरली जाते. पर्जन्यमापकातली वाटी दर ०.२ मिलिमीटरला एकदा कलंडत असेल, तर ६५ मिलिमीटर म्हणजे ३२५ ठोके. समजा, हे ठोके मोजून तासागणिक पाऊस काढणारी सी भाषेतली एक छोटी मुक्त लायब्ररी आहे. या लेखापुरतं तिचं नाव ‘लिबपाऊस’ ठेवू. नाव मनानेच दिलंय, शोधत बसू नका. लॅपटॉपवरच्या उबुंटूत ती नीट चालते. पण परभणीच्या एखाद्या शिवारात खांबावर बसवलेल्या आर्म बोर्डावर उबुंटू नसतं, बिल्डरूटने बांधलेलं काही मेगाबाइटांचं लिनक्स असतं. तिथे ही लायब्ररी न्यायची, आणि तीही बिल्डरूट वापरणाऱ्या कोणालाही मेनूतून निवडता येईल अशी, तर काय करावं लागतं ते इथे क्रमाने दिलं आहे. संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या प्रयोगशाळांत किंवा वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत एम्बेडेडचं काम करणाऱ्या, पण मुक्त प्रकल्पाला अजून एकही पॅच (कोडमधल्या बदलाची फाइल) न पाठवलेल्यांसाठी हे लिहिलंय.

एक सूचना आधीच: आज्ञा, फाइलींची नावं आणि आकडे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. कीबोर्डवर ते नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायचे.

बिल्डरूट म्हणजे टूलचेन (कंपायलर आणि त्याच्या साथीची साधनं), कर्नल, लायब्ऱ्या आणि रूट फाइलसिस्टिम हे सगळं सोर्सपासून बांधून देणारी मेकफाइलींची व्यवस्था. यूसीलिबसी या छोट्या सी लायब्ररीची चाचणी घ्यायला तिची सुरुवात झाली. २००९मध्ये पीटर कोर्सगार्ड तिचे मुख्य देखभालकर्ते झाले आणि तेव्हापासून फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर अशी दर तिमाहीला आवृत्ती निघते. २०२४.०२ या नावातच साल आणि महिना आला.

पॅकेज म्हणजे तीन फाइली, सगळ्या मिळून जेमतेम पन्नास ओळी. त्या टाइप करायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो लायब्ररीला नेमकं काय लागतं हे शोधून खरं खरं लिहायला. ‘माझ्या मशीनवर होतंय’ याला इथे काही किंमत नाही. कोणी मस्ल ही सी लायब्ररी निवडलेली असते, कोणाच्या प्रोसेसरला एमएमयूच (मेमरीचं व्यवस्थापन करणारा भाग) नसतं, कोणी सगळं स्टॅटिक, म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅमच्या आतच मिसळून, बांधतं. त्यांच्याकडे तुमची लायब्ररी एकतर बांधली गेली पाहिजे, नाहीतर मेनूत दिसलीच नाही पाहिजे. दिसते, निवडता येते आणि अर्ध्या तासाने फुटते, असं झालं तर दोष पॅकेजचा.

आधी मशीन

विंडोज लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर पहिली ठेच तिथेच लागते. विंडोजचा ‘प्रोग्रॅम फाइल्स’ हा फोल्डर ‘पाथ’मध्ये, म्हणजे आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, घुसतो, त्याच्या नावात स्पेस असते, आणि पाथमध्ये स्पेस आहे असं सांगून बिल्डरूट जागीच थांबतं. ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या डब्ल्यूएसएल-कॉन्फ फाइलीत ‘इंटरऑप’ विभागाखाली ‘अपेंडविंडोजपाथ’ला ‘फॉल्स’ द्या आणि डब्ल्यूएसएल बंद करून परत चालू करा. दुसरी गोष्ट, बिल्डरूट सी ड्राइव्हवर उतरवू नका, लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. विंडोजची फाइलसिस्टिम लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही आणि डब्ल्यूएसएलमधून वापरताना फार संथ चालते.

रूट वापरकर्ता म्हणून काहीही बांधू नका. ‘सूडो मेक’ची सवय असेल तर ती मोडा. संपूर्ण बिल्ड साध्या वापरकर्त्याच्या हक्कांत होतो, आणि रूट म्हणून चालवला तर काही पॅकेजेस कॉन्फिगरच्या पायरीलाच नकार देतात. जीसीसी, जी++, मेक, पॅच, पर्ल, पायथन, सीपीआयओ, अनझिप, आरसिंक, बीसी, फाइल आणि डब्ल्यूगेट एवढं उबुंटूत बसवून घ्या, शिवाय मेनूसाठी एनकर्सेसचं डेव्हलपमेंट पॅकेज. डिस्कवर २० जीबी तरी मोकळे ठेवा.

लाईट आणि डेटा यांची सोयही आधीच पाहा. ‘बीआर२_डीएल_डीआयआर’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बॅश-आरसीमध्ये कायमचा लिहून टाका, म्हणजे उतरवलेले टारबॉल (सोर्सच्या संग्रह-फाइली) एकाच जागी राहतात आणि कितीही बिल्ड फोल्डर पुसले तरी परत डेटा जळत नाही. महाविद्यालयाच्या वायफायवर असताना ‘मेक सोर्स’ एकदा चालवलं की निवडलेल्या सगळ्या पॅकेजेसचं सोर्स उतरतं. घरी इंटरनेटशिवाय बांधता येतं. बिल्ड चालू असताना लाईट गेली तर घाबरायचं कारण नाही. प्रत्येक पॅकेजची पायरी पूर्ण झाली की बिल्डरूट शिक्क्याची एक रिकामी फाइल ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतं. मात्र त्या क्षणी जे पॅकेज बांधलं जात होतं, त्याच्या काही ऑब्जेक्ट फाइली अर्धवट राहिलेल्या असू शकतात. पॅकेजच्या नावापुढे ‘-डर्क्लीन’ जोडून तेवढंच पुसा, सगळं ‘मेक क्लीन’ करू नका.

टूलचेन बिल्डरूटकडून बांधून घेण्यात वेळ घालवू नका. ‘टूलचेन’ मेनूत एक्स्टर्नल टूलचेन निवडून बूटलिनची तयार टूलचेन घ्या. आणि वरच्या पातळीवर ‘मेक -जे८’ देऊ नका. किती कामं एका वेळी चालवायची ते बिल्डरूट स्वतः ठरवतं, त्यासाठी मेनूत वेगळा पर्याय आहे.

लायब्ररीची चौकशी

फाइल उघडण्याआधी सात-आठ प्रश्नांची उत्तरं कागदावर असू द्या. ही लायब्ररी बिल्डरूटमध्ये आधीच आहे का? ‘पॅकेज’ फोल्डरमध्ये ग्रेप करा. कोणी आधीच पॅच पाठवून ठेवलाय का? पाठवलेले सगळे पॅच पॅचवर्क या यादीत दिसतात, तिथे नावाने शोधा. जुना अर्धवट पॅच सापडला तर तोच पुढे न्यायचा, मूळ लेखकाचं नाव राखून. लायब्ररीची क्रमांक दिलेली आवृत्ती निघाली आहे का, की नुसती ‘मेन’ शाखा आहे? बांधणी कशाने होते: ऑटोटूल्स, सीमेक, मेसन, की हाताने लिहिलेली मेकफाइल? सी की सी++? थ्रेड वापरते? फोर्क करते, म्हणजे स्वतःची दुसरी प्रक्रिया काढते? डीएल-ओपन करते, म्हणजे चालू असताना दुसरी लायब्ररी उघडते? परवाना कोणता, आणि त्याचा मजकूर सोर्समध्ये आहे का?

शेवटच्या प्रश्नाला लोक फार घाईने उत्तर देतात. रीडमी फाइलीत ‘एलजीपीएल’ लिहिलंय म्हणून तेवढंच उतरवतात. सोर्स फाइलींच्या माथ्यावरची टिप्पणी वाचा. ‘आवृत्ती २.१ किंवा त्यानंतरची कोणतीही’ असं असेल तर ‘एलजीपीएल-२.१+’, नुसती २.१ असेल तर अधिकचिन्ह नाही. लायब्ररीसोबत येणाऱ्या छोट्या साधनाचा परवाना वेगळा असेल, तर दोन्ही परवाने स्वल्पविरामाने लिहून कोणता कशाचा ते कंसात द्यायचं.

आमच्या लिबपाऊसची उत्तरं अशी: सी भाषा, ऑटोटूल्स, ग्लिब लायब्ररी लागते, एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) असेल तर नोंदी साठवते नसेल तर नाही, परवाना एलजीपीएल-२.१+.

पहिली फाइल: कॉन्फिग-डॉट-इन

‘पॅकेज’ फोल्डरात ‘लिबपाऊस’ नावाचा फोल्डर करा, सगळं लहान अक्षरांत. त्यात पहिली फाइल मेनूची. ‘कॉन्फिग बीआर२_पॅकेज_लिबपाऊस’ ही पहिली ओळ, तिच्याखाली एक टॅब सोडून ‘बूल’ आणि अवतरणात नाव, मग ‘डिपेंड्स ऑन’च्या ओळी, मग ‘सिलेक्ट’च्या, शेवटी ‘हेल्प’. हेल्पचा मजकूर एक टॅब आणि दोन स्पेस सोडून लिहायचा. ओळ ७२ रकान्यांत बसली पाहिजे, टॅब ८ रकान्यांचा धरायचा, म्हणजे मजकुराला ६२ अक्षरं उरतात. मजकुरानंतर एक ओळ मोकळी आणि मग मूळ प्रकल्पाचा पत्ता. टेक्स्ट एडिटरने टॅबच्या जागी स्पेस घातल्या तर फाइल चालेल, पण परीक्षण करणारा पहिल्याच ओळीवर अडवेल.

आता ‘डिपेंड्स ऑन’ आणि ‘सिलेक्ट’. नवख्यांचे निम्मे पॅच इथून परत येतात, म्हणून इथे जरा थांबू.

‘सिलेक्ट’ म्हणजे ‘मला हे लागतं, तूच आपोआप चालू कर’. ‘डिपेंड्स ऑन’ म्हणजे ‘हे आधीच असेल तरच मला दाखव’. साध्या लायब्ररीसाठी ‘सिलेक्ट’, कारण लिबपाऊस हवी असणाऱ्याला ग्लिब कुठल्या मेनूत आहे हे माहीत असायची गरज नाही. टूलचेनची वैशिष्ट्यं, प्रोसेसरची जात, एमएमयू यांसाठी ‘डिपेंड्स ऑन’, कारण ती कोणाच्या परस्पर बदलता येत नाहीत.

गोम अशी की ‘सिलेक्ट’ आंधळं असतं. ग्लिबला स्वतःला तीन गोष्टी लागतात: डब्ल्यूकॅर (रुंद अक्षरांची सोय), थ्रेड आणि एमएमयू. तुम्ही ग्लिब ‘सिलेक्ट’ केली की केकॉन्फिग (मेनू चालवणारी व्यवस्था) या तिन्ही अटी न तपासता ती चालू करतं, वर ‘अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज’ अशी एक इशाऱ्याची ओळ छापतं जी कोणी वाचत नाही, आणि बिल्ड पुढे कुठेतरी ग्लिबमध्ये फुटतो. म्हणून ज्याला ‘सिलेक्ट’ कराल त्याच्या सगळ्या ‘डिपेंड्स ऑन’ अटी तुमच्या पॅकेजमध्ये पुन्हा लिहायच्या. लिबपाऊसच्या स्वतःच्या कोडमध्ये एकही थ्रेड नसला तरी ‘डिपेंड्स ऑन बीआर२_टूलचेन_हॅज_थ्रेड्स’ लिहावंच लागतं, आणि ओळीच्या शेवटी हॅशचिन्ह देऊन ‘लिबग्लिब२’ असं कारणही. उद्या ग्लिबची अट बदलली तर कोणती ओळ काढायची हे त्यावरून कळतं. अटी स्वतः आठवून लिहू नका. ‘पॅकेज/लिबग्लिब२’मधली कॉन्फिग फाइल उघडून जशाच्या तशा घ्या.

अट पुरी नसली तर लिबपाऊस मेनूतून गायब होईल, आणि वापरणाऱ्याला वाटेल हे पॅकेजच नाही. त्यासाठी खाली ‘कॉमेंट’ची एक नोंद: लिबपाऊसला डब्ल्यूकॅर आणि थ्रेड असलेली टूलचेन लागते, एवढीच. शब्दरचना ठरलेली आहे, शेजारच्या पॅकेजातून तशीच उचला. ही कॉमेंट केव्हा दिसावी? डब्ल्यूकॅर नसेल किंवा थ्रेड नसतील तेव्हा. पण एमएमयू नसेल तेव्हा दिसू नये, कारण टूलचेन बदलता येते, प्रोसेसर बदलता येत नाही; जे दुरुस्तच होणार नाही त्याची तक्रार कशाला दाखवायची? म्हणून कॉमेंटला पहिली अट ‘डिपेंड्स ऑन बीआर२_यूज_एमएमयू’ आणि दुसरी उलट्या अर्थाची, उद्गारचिन्ह लावलेली. या दोन ओळी ज्याला नीट समजल्या त्याला अर्धं बिल्डरूट समजलं असं आमचं मत आहे.

मग ‘पॅकेज’ फोल्डरमधल्या मुख्य कॉन्फिग-डॉट-इनमध्ये आपल्या फाइलीची ‘सोर्स’ ओळ घाला. ‘लायब्ररीज’ मेनूत योग्य उपविभाग बघून, आपल्यासाठी ‘हार्डवेअर हँडलिंग’, आणि रोमन वर्णक्रमाने. ही ओळ विसरली तर मेनूत काहीच दिसत नाही आणि माणूस तासभर दुसरीकडेच चूक शोधत राहतो.

दुसरी फाइल: लिबपाऊस-डॉट-एमके

माथ्यावर ८० हॅशचिन्हांची ओळ, मधे नाव, परत ८० हॅशचिन्हं. त्याखाली मजकूर साधारण असा:

लिबपाऊस_व्हर्जन = १.२.०
लिबपाऊस_साइट = (टारबॉल जिथून उतरतो तो पत्ता, फाइलीच्या नावाशिवाय)
लिबपाऊस_लायसन्स = एलजीपीएल-२.१+
लिबपाऊस_लायसन्स_फाइल्स = कॉपीइंग
लिबपाऊस_इन्स्टॉल_स्टेजिंग = यस
लिबपाऊस_डिपेंडन्सीज = होस्ट-पीकेजीकॉन्फ लिबग्लिब२

आणि शेवटी ‘ऑटोटूल्स-पॅकेज’ला हाक मारणारी ‘एव्हाल’ची ओळ. सीमेक असेल तर ‘सीमेक-पॅकेज’, मेसन असेल तर ‘मेसन-पॅकेज’. प्रीफिक्स, होस्ट, क्रॉस कंपायलर हे सगळं ती ओळच पुरवते. ते पुन्हा हाताने लिहू नका. जे मूल्य आपोआप मिळतं तेही लिहायचं नाही. टारबॉलचं नाव ‘लिबपाऊस-१.२.०.टार.जीझेड’ असेल तर ‘सोर्स’ची ओळ नको, एक्सझेड असेल तरच हवी.

‘इन्स्टॉल_स्टेजिंग = यस’ ही लायब्ररी-पॅकेजातली सगळ्यात जास्त विसरली जाणारी ओळ. बिल्डरूटमध्ये दोन जागा असतात. ‘टार्गेट’ म्हणजे जे बोर्डावर जाणार ते. ‘स्टेजिंग’ म्हणजे दुसऱ्या पॅकेजेसना कंपाइल करताना लागणाऱ्या हेडर, पीसी फाइली वगैरे. मुळात टार्गेटला ‘हो’ आणि स्टेजिंगला ‘नाही’ असतं. ही ओळ नसली तर लिबपाऊस उत्तम बांधली जाते, बोर्डावरही जाते, पण तिच्यावर विसंबणारा प्रोग्रॅम कंपाइल होताना हेडर सापडत नाही म्हणतो. उलट नुसत्या हेडरांची लायब्ररी असेल तर ‘इन्स्टॉल_टार्गेट = नो’ द्या, बोर्डावर न्यायला काही नसतंच.

गिटहबवरचं सोर्स असेल तर पत्ता हाताने न लिहिता ‘गिटहब’ नावाचं मदतनीस फंक्शन वापरायचं. टॅग ‘व्ही१.२.०’ असा असेल तर ‘व्ही’ फंक्शनच्या तिसऱ्या घटकात घाला. ‘व्हर्जन’मध्ये फक्त १.२.०, नाहीतर नवी आवृत्ती आली की नाही हे तपासणाऱ्या साधनांची गफलत होते. प्रकल्पाने स्वतः टारबॉल बनवून चढवलेला असेल तर गिटहबच्या आपोआप बनणाऱ्या टारबॉलपेक्षा तोच घ्या. त्यात ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट तयार असते. ती नसेल तर ‘ऑटोरीकॉन्फ = यस’ लागतं. आणि शाखेचं नाव आवृत्ती म्हणून कधीच नको: ‘मेन’ शाखा आज एक असते, उद्या दुसरी.

ऐच्छिक एसक्यूलाइट हा दुसरा सापळा. काहीच न लिहिता सोडलं, तर कॉन्फिगर स्क्रिप्ट स्वतः शोध घेते. एसक्यूलाइट आधी बांधलं गेलं असेल तर सापडतं, नंतर बांधलं जाणार असेल तर सापडत नाही. एकाच कॉन्फिगरेशनमधून दोन दिवशी दोन वेगळ्या लायब्ऱ्या! म्हणून ‘इफएक’ लिहून, एसक्यूलाइट निवडलेलं असेल तर ‘--विथ-एसक्यूलाइट’ आणि डिपेंडन्सीत एसक्यूलाइट; नसेल तर स्पष्ट ‘--विदाउट-एसक्यूलाइट’. ‘एल्स’ची बाजू कधीच गाळू नका.

डिपेंडन्सीजमध्ये एखादं नाव घातलं आणि कॉन्फिग फाइलीत त्याला ‘सिलेक्ट’ किंवा ‘डिपेंड्स ऑन’ केलं नाही, तर मेक पहिल्याच क्षणी नावानिशी सांगून थांबतं. उलटी चूक, म्हणजे ‘सिलेक्ट’ केलं पण डिपेंडन्सीजमध्ये नाही, ही मात्र गुपचूप राहते आणि बांधणीचा क्रम बदलला की उघडी पडते. तशीच ‘होस्ट-पीकेजीकॉन्फ’ची (लायब्ऱ्यांचे पत्ते सांगणाऱ्या साधनाची) गत: ते नसताना ऑटोरीकॉन्फ केलं, की कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये ‘पीकेजी_चेक_मॉड्यूल्स’ तसाच न उलगडता राहतो आणि शेलची वाक्यरचनेची चूक दिसते. संदेश वाचून कोणालाच मूळ कारण सुचत नाही.

हाताने लिहिलेली मेकफाइल असेल तर ‘जेनेरिक-पॅकेज’. बांधण्याची आज्ञा, स्टेजिंगची आज्ञा, टार्गेटची आज्ञा तिन्ही तुम्हीच द्यायच्या, आणि मेकला ‘टार्गेट_कॉन्फिगर_ऑप्ट्स’ द्यायचे. मूळ मेकफाइलीत ‘जीसीसी’ थेट लिहिलेला असला तर लायब्ररी तुमच्या लॅपटॉपच्या एक्स८६साठी बांधली जाईल. सुदैवाने बिल्डरूट शेवटी प्रत्येक फाइलीची जात तपासतं आणि ‘हे आर्म असायला हवं होतं’ असं सांगून अडवतं.

तिसरी फाइल: हॅश

प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: हॅशचा (फाइलीच्या मजकुरावरून निघणाऱ्या ठशाचा) प्रकार, किंमत, फाइलीचं नाव, मधे दोन-दोन स्पेस. टारबॉलसाठी शा२५६ची एक ओळ आणि परवान्याच्या प्रत्येक फाइलीसाठी एक. परवान्याचा हॅश कशाला? पुढच्या आवृत्तीत प्रकल्पाने परवाना गुपचूप बदलला तर आवृत्ती वाढवणाऱ्याला ते कळावं म्हणून. किंमत कुठून आणली तेही टिप्पणीत लिहा: प्रकल्पाने जाहीर केलेली, की तुम्ही स्वतः काढलेली.

हॅश जुळत नसल्याची चूक आली की संदेशातली ‘मिळालेली’ किंमत उचलून फाइलीत चिकटवायचा मोह होतो. आधी फाइल उघडून बघा. लॉगिन मागणाऱ्या वायफायवर टारबॉलच्या जागी वायफायचं लॉगिन पान उतरलेलं असतं, आणि तुम्ही त्याचा हॅश जगाला पाठवलेला असतो.

बांधून बघा, मग मोडून बघा

आधी ‘मेक चेक-पॅकेज’. टॅब, ओळींची लांबी, अनावश्यक मूल्यं हे सगळं ते पकडतं. त्याच्या एकाही तक्रारीसह पॅच पाठवू नका. मग ‘मेक लिबपाऊस’. काही बदललं की ‘लिबपाऊस-डर्क्लीन’ करून पुन्हा. ‘रीबिल्ड’ने काम होतं, पण नव्या पॅकेजसाठी कोऱ्या पाटीवरून बांधलेलंच खरं. ‘मेक लिबपाऊस-लीगल-इन्फो’ चालवून परवान्याची फाइल खरंच सापडते का तेही पाहा. बोर्ड हाताशी नसला तर क्यूईएमयूचं (बोर्डाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमचं) डेफकॉन्फिग, म्हणजे तयार कॉन्फिगरेशन, घ्या. इमेज बांधली गेली की ‘इमेजेस’ फोल्डरमध्ये क्यूईएमयू सुरू करणारी स्क्रिप्टही मिळते.

खरी परीक्षा ‘युटिल्स’मधल्या ‘टेस्ट-पीकेजी’ची. एका छोट्या फाइलीत ‘बीआर२_पॅकेज_लिबपाऊस=वाय’ एवढी एक ओळ लिहा, ‘-सी’ने ती फाइल द्या आणि ‘-पी’ने पॅकेजचं नाव. निवडक टूलचेनवर बांधून होतं. ‘-ए’ दिलं तर सगळ्यांवर. तेवढ्यासाठी रात्रभर मशीन चालू ठेवायची तयारी हवी, शक्यतो इन्व्हर्टरवर. एसक्यूलाइटसह एकदा आणि एसक्यूलाइटशिवाय एकदा, असं दोनदा चालवा.

निकालात प्रत्येक टूलचेनपुढे ‘ओके’, ‘स्किप्ड’ किंवा ‘फेल्ड’ येतं. ‘स्किप्ड’ ही चूक नव्हे: तुमच्या अटींमुळे पॅकेज तिथे निवडताच आलं नाही. एमएमयू नसलेल्या आर्मव्ही७एमवर लिबपाऊस स्किप्ड दिसायलाच हवी. पण सगळीकडेच स्किप्ड असेल तर एखादी अट जास्तीची आहे किंवा नावाचं स्पेलिंग चुकलंय. बिल्ड फोल्डरातली ‘मिसिंग-डॉट-कॉन्फिग’ उघडली की कोणता पर्याय टिकला नाही ते दिसतं.

‘फेल्ड’ची नेहमीची कारणं थोडीच आहेत. मस्लवर फुटलं तर ग्लिबसीपुरतीच (उबुंटूतली नेहमीची सी लायब्ररी, ग्लिब नव्हे) असलेली हेडरं शोधा, ‘एरर-डॉट-एच’ किंवा ‘एक्झेकइन्फो-डॉट-एच’. स्टॅटिक टूलचेनवर फुटलं तर डीएल-ओपन. मूळ प्रकल्पात ‘-डब्ल्यूएरर’ चालू असेल तर दुसऱ्या जीसीसीचा एक किरकोळ इशारा बिल्ड पाडतो. तो बंद करायचा पर्याय द्या. ‘क्रॉस कंपाइल करताना चाचणी प्रोग्रॅम चालवता येत नाही’ असं कॉन्फिगर म्हणालं, तर त्या प्रश्नाचं उत्तर ‘कॉन्फ_एन्व्ह’मधून आगाऊ द्यावं लागतं. ‘यूएसआर/इन्क्लूड’ असुरक्षित असल्याची तक्रार आली तर मूळ बिल्ड फाइलीत कोणीतरी लॅपटॉपचा पत्ता ठोकून बसवलाय.

आणि लिबपाऊससारख्या ठोके मोजणाऱ्या लायब्ररीला हमखास छळणारी एक चूक: मोजणीसाठी ६४ बिटांचा अ‍ॅटॉमिक आकडा वापरला की मिप्स, पॉवरपीसीसारख्या काही ३२-बिट प्रोसेसरांवर लिंक करताना ‘अ‍ॅटॉमिक_फेच_अ‍ॅड_८’ सापडत नाही. ते काम तिथे एका सूचनेत होत नाही, लिबअ‍ॅटॉमिक लागते. ‘बीआर२_टूलचेन_हॅज_लिबअ‍ॅटॉमिक’ असेल तेव्हा ‘-एलअ‍ॅटॉमिक’ द्यायचं. मुळात ३२५ ठोक्यांसाठी ६४ बिट कशाला, हे मूळ लेखकाला विचारायलाही हरकत नाही.

लायब्ररीचा कोडच दुरुस्त करावा लागला तर पॅच फाइल पॅकेज फोल्डरात ठेवायची, ‘०००१-’ने सुरू होणाऱ्या नावाने, ‘गिट फॉरमॅट-पॅच -एन’ने बनवलेली. त्यात तुमचं साइन-ऑफ हवं आणि ‘अपस्ट्रीम:’ अशी ओळ, म्हणजे ही दुरुस्ती मूळ प्रकल्पाला कुठे पाठवली त्याचा पत्ता. आधी तिकडे पाठवा, मग इकडे.

पाठवणं

‘डेव्हलपर्स’ फाइलीत आपलं नाव, ईमेल आणि ‘पॅकेज/लिबपाऊस/’ ही नोंद नावांच्या वर्णक्रमात करा. नव्या पॅकेजचं पालकत्व घ्यावंच लागतं. तिन्ही फाइली, मेनूची ओळ आणि ही नोंद, सगळं एकाच कमिटमध्ये, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या एकाच बदलात. शीर्षकही ठरलेलं: ‘पॅकेज/लिबपाऊस: न्यू पॅकेज’. ‘गिट कमिट -एस’ने साइन-ऑफ घाला, त्याचा अर्थ हा कोड देण्याचा हक्क मला आहे अशी लेखी ग्वाही. कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या कामासाठी लिहिलं असेल तर आधी साहेबांना विचारून घ्या. लिबपाऊसला लागणारी दुसरी एखादी लायब्ररी बिल्डरूटमध्ये नसेल तर तिचा पॅच वेगळा, आणि मालिकेत आधी.

ताज्या ‘मास्टर’वर रीबेस करा, म्हणजे आपलं कमिट ताज्या मुख्य शाखेवर आणून बसवा, ‘गिट फॉरमॅट-पॅच’ चालवा. तयार झालेल्या फाइलीत तीन आडव्या रेघांखाली टेस्ट-पीकेजीचा निकाल चिकटवा; रेघांखालचं इतिहासात जात नाही, परीक्षकाला मात्र दिसतं. ‘युटिल्स/गेट-डेव्हलपर्स’ला ती फाइल दिली की कोणाकोणाला पाठवायचं त्यासह ‘गिट सेंड-ईमेल’ची पूर्ण आज्ञाच छापून मिळते.

जीमेलच्या खिडकीत पॅच चिकटवून पाठवू नका. टॅबच्या स्पेस होतात, लांब ओळी तुटतात, आणि पॅच लागतच नाही. ‘गिट सेंड-ईमेल’ला जीमेलचा सर्व्हर, ५८७ पोर्ट आणि टीएलएस सांगा. नेहमीचा पासवर्ड चालत नाही; टू-स्टेप पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. संस्थेच्या नेटवर्कवर ५८७ बंद असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट वापरा. पहिला पॅच स्वतःलाच पाठवून ‘गिट एएम’ने लागतो का ते पाहा.

उत्तर आल्यावर

परीक्षण करणारे लोक बहुतेक आपापल्या वेळेतून हे करतात. उत्तर दोन दिवसांत येईल किंवा दोन महिन्यांत. तिमाहीतले पहिले दोन महिने नव्या गोष्टींचे, शेवटचा महिना स्थिर करण्याचा. त्या शेवटच्या महिन्यात पाठवलेलं नवं पॅकेज ‘नेक्स्ट’ शाखेत जातं किंवा थांबतं, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. दोन-तीन आठवड्यांनी त्याच ईमेलला एका ओळीची आठवण द्यायला हरकत नाही.

उत्तरं तुटक असतात. ‘सर’, ‘रिस्पेक्टेड’ वगैरे कोणी लिहीत नाही, आणि ‘हे चूक आहे’ म्हणजे तुम्ही चूक आहात असा अर्थ नसतो. प्रत्येक मुद्द्याखाली उत्तर लिहा; पटलं तर पटलं म्हणा, नाही पटलं तर कारण द्या. सगळे बदल मूळ कमिटमध्येच मिसळा, वर दुरुस्तीचं दुसरं कमिट रचू नका. ‘गिट फॉरमॅट-पॅच -व्ही२’ने दुसरी आवृत्ती बनवा आणि तीन रेघांखाली पहिलीपासून काय बदललं ते ओळीओळीने सांगा. कोणी ‘रिव्ह्यूड-बाय’ किंवा ‘टेस्टेड-बाय’ दिलं असेल तर ती ओळ पुढच्या आवृत्तीत घेऊन या. व्ही४, व्ही५पर्यंत जाणं नेहमीचंच आहे.

पॅच स्वीकारला गेला की ऑटोबिल्डर नावाची यंत्रं यादृच्छिक कॉन्फिगरेशनं घेऊन रात्रंदिवस बांधत राहतात. लिबपाऊस कुठे फुटली, की ‘डेव्हलपर्स’मधल्या नोंदीमुळे ईमेल तुम्हालाच येतं. त्यात कॉन्फिगरेशन आणि बिल्डच्या लॉगचा दुवा असतो. तेच कॉन्फिगरेशन उतरवा, घरी बिल्ड तसाच फोडून दाखवा, दुरुस्त करा, आणि नव्या पॅचच्या संदेशात ‘फिक्सेस:’ लिहून खाली त्या निकालाचा दुवा द्या. हा दुसरा पॅच पहिल्यापेक्षा फार लवकर आत जातो.